'येस-नो' विचारणारी खिडकी बंद करावी का?

यवतमाळ-वाशीमकडच्या सेवा केंद्रात किंवा कृषी केंद्रात नवा संगणक आला, की बसवून देणारा बरेचदा जाता जाता एक 'सोय' करून देतो: विंडोजची परवानगी विचारणारी खिडकी बंद. पीक विम्यासाठी कास्तकारांची रांग लागलेली असताना स्क्रीन काळवंडून 'येस की नो' विचारलं, तर वैताग येणारच. तरी ती चालूच ठेवा. रोज चार-पाचदा येत असेल, तर का येते ते शोधा.

ही खिडकी दाखवणारी सोय, यूजर अकाउंट कंट्रोल म्हणजे यूएसी, विंडोज व्हिस्टाबरोबर आली. व्हिस्टा 2007 मध्ये बाजारात आलं. ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून लॉगिन केलं, तरी विंडोज त्या खात्याला दोन टोकन, म्हणजे अधिकारांचे परवाने, देते, एक साधं आणि एक पूर्ण अधिकाराचं. ब्राउझर, टायपिंग, प्रिंट ही कामं साध्या टोकनवर चालतात. अंगठ्याच्या यंत्राचा ड्रायव्हर टाकायचा असेल, तर दुसरं टोकन लागतं आणि ते देण्याआधी खिडकी येते. स्क्रीन काळवंडते, कारण खिडकी वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर उघडते. तिथे साध्या टोकनवरच्या कुठल्याही प्रोग्रामला परस्पर 'येस' दाबता येत नाही.

स्टार्टमध्ये 'यूएसी' ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप केली, की चार पायऱ्यांची पट्टी सापडते. मूळ सेटिंग वरून दुसऱ्या पायरीवर असते. त्या पायरीवर विंडोजचे स्वतःचे काही प्रोग्राम न विचारता अधिकार घेतात आणि व्हायरस लिहिणारे नेमके त्यांच्याच आडून शिरतात. ॲडमिन खातंच वापरायचं असेल, तर पट्टी सर्वांत वर ठेवा. सर्वांत खाली नेली, तर मागेल त्याला गुपचूप पूर्ण अधिकार मिळतात. गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून आलेल्या फाइललासुद्धा.

खिडकीचा रंग बघायची सवय लावा. निळी पट्टी असेल, तर प्रोग्रामवर कंपनीची पडताळलेली डिजिटल सही आहे. पिवळी असेल, तर बनवणारा अज्ञात. आपण काहीच उघडलं नसताना खिडकी आली, तर रंग कोणताही असो, 'नो'.

वारंवार खिडकी येण्यामागे बहुधा एखादं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर असतं. ते आपला हिशेब 'प्रोग्राम फाइल्स' फोल्डरमध्येच लिहू पाहतं आणि साध्या टोकनला तिथे लिहायची मुभा नसते. अशा जुन्या 32-बिट प्रोग्रामचं लिखाण विंडोज गुपचूप वापरकर्त्याच्या 'ॲपडेटा'तल्या 'लोकल'मधल्या 'व्हर्च्युअलस्टोअर' फोल्डरमध्ये वळवते. मग कुणीतरी 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'वर खूण करून देतो आणि दर वेळी खिडकी येऊ लागते. आता प्रोग्राम खरा फोल्डर वाचतो आणि खत-बियाण्यांच्या कालपर्यंतच्या नोंदी गायब! त्या पुसलेल्या नसतात, 'व्हर्च्युअलस्टोअर'मध्ये पडून असतात. हा फोल्डर प्रत्येक खात्याचा वेगळा असल्यामुळे मालकाला एक उधारी दिसते आणि नोकराला दुसरी. यावर उपाय सोपा आहे. आधी दोन्हीकडच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. सॉफ्टवेअर 'सी'मध्ये 'प्रोग्राम फाइल्स'बाहेर स्वतंत्र फोल्डर करून तिथे पुन्हा टाका. मग फाइलींच्या तारखा बघून चालू हिशेब त्यात आणा. यानंतर ॲडमिनिस्ट्रेटरची खूण लागत नाही, खिडकीही येत नाही.

यूएसीच्या मर्यादाही माहीत असाव्यात. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरला तुमची कागदपत्रं बिघडवायला ॲडमिन अधिकार लागत नाहीत. ती तुमचीच असल्यामुळे साधं टोकन पुरतं. मात्र विंडोजने आपोआप ठेवलेल्या जुन्या प्रती पुसायला त्याला पूर्ण अधिकार लागतात. तिथे खिडकी आडवी येते, 'येस' दाबलं नाही तर.

म्हणून रोजच्या कामाला स्टँडर्ड, म्हणजे फक्त साधे अधिकार असलेलं, खातं वापरणं याहून पक्कं. सेटिंग्जमधल्या 'अकाउंट्स'मध्ये 'अदर यूजर्स'खाली नवं खातं उघडलं, की ते स्टँडर्डच असतं. ॲडमिन खात्याला पासवर्ड घाला आणि तो काउंटरवर बसणाऱ्या पोराला देऊ नका. आता खिडकी 'येस'ऐवजी पासवर्ड मागेल; सवयीने बोट दाबलं जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

राहता राहिला फोनवरून 'स्क्रीन शेअर करा' म्हणणारा तंत्रज्ञ. खिडकी सुरक्षित डेस्कटॉपवर उघडली, की इन्स्टॉल न करता चालवलेल्या रिमोट ॲपमध्ये त्याला काहीच दिसत नाही, म्हणून तो पट्टी खाली ओढायला सांगतो. ओढू नका. खिडकीत काय लिहिलंय ते त्याला वाचून दाखवा आणि पटलं तर 'येस' स्वतः दाबा. तो स्वतःहून फोन करून आला असेल, तर फोन ठेवा आणि इंटरनेटची वायर काढा.