तंबोरा म्हणजे गोंगाट नव्हे

सदाशिव पेठेत राहणारी माझी आत्या रोज सकाळी साडेसहाला न्यू जर्सीतल्या एका मुलीला व्हिडिओ कॉलवर गाणं शिकवते. सुरुवातीला तिला एकच तक्रार होती. तिचा आवाज नीट पोचायचा, पण तंबोरा तिकडे ऐकूच जायचा नाही. नेट चांगलं होतं, माईकही नवा. तंबोरा गिळत होतं ते अ‍ॅपमधलं आवाज स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर. न थांबता एकसारखा वाजणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असं ते धरून चाललं होतं. ऑफिसच्या मीटिंगला हे योग्यच आहे. गाण्याच्या शिकवणीत मात्र सूरच गेला.

कुठल्या कामाला कशी गुणवत्ता हवी, हे आधी सांगावं लागतं. संगणकशास्त्रात याला 'क्वालिटी ऑफ सर्व्हिस' ठरवणं म्हणतात. आपण गुणवत्ता म्हटलं की स्पीड पाहतो. पण किती उशीर चालेल, उशिरात किती चढउतार चालतील, किती माहिती हरवली तरी भागेल, हेही सांगावं लागतं. संभाषणात एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असला तर बहुतेकांना खटकत नाही. चढउताराचा त्रास गाणाऱ्यांना लगेच कळेल. आवाज साधारण 20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत निघतो, आणि वाटेत त्या तुकड्यांमधलं अंतर हलतं, जशा मात्रा मागेपुढे व्हाव्यात. म्हणून अ‍ॅप थोडे तुकडे आधी साठवतं आणि मग समान लयीत वाजवतं. साठा मोठा केला तर लय सांभाळली जाते, पण उशीर वाढतो. एक हवं तर दुसरं थोडं सोडावं लागतं.

नेट मंदावलं की काय सोडायचं, हा तर कळीचा प्रश्न. कथक शिकवताना चित्र जरा पुसट झालं तरी चालेल, पण पायांची हालचाल तुटता कामा नये. स्वरलिपीचं पान दाखवताना नेमकं उलट: चित्र सेकंदाला दोनदाच बदललं तरी चालेल, अक्षर वाचता आलं पाहिजे. ब्राउझरमधल्या कॉलसाठी जी वेबआरटीसी यंत्रणा असते, तिला हे सांगायची सोय आहे: हालचाल जप, की बारकावा जप, आवाज बोलण्याचा आहे की संगीताचा. तिच्यातला ओपस हा आवाज आटोपशीर करून पाठवण्याचा प्रकार 2012 साली प्रमाणित झाला. तो सेकंदाला 6 ते 510 किलोबिट एवढ्या पट्ट्यात काम करतो, आणि त्याच्या पोटात बोलण्यासाठी एक आणि संगीतासाठी दुसरी अशा दोन पद्धती आहेत. म्हणजे तंबोरा पोचवायची ताकद यंत्रात आधीपासून होती. आपलं गाणं आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. असा पर्याय अ‍ॅपच्या पहिल्याच पानावर, साध्या मराठीत असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही सेटिंगने साधत नाही. एकत्र वाजवणाऱ्यांना साधारण 25 ते 30 मिलिसेकंदांपलीकडचा उशीर लय बिघडवतो. पुण्याहून न्यू जर्सी 12,500 किलोमीटरहून लांब. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. सरळ रेषेत तार टाकली तरी नुसतं पोचायलाच 60 मिलिसेकंदांहून जास्त लागतात. आत्याने पेठेत ठेका धरून तिकडच्या मुलीने समेवर यावं, हे होणं नाही.

म्हणून आता तबला शिष्येच्याच खोलीत वाजतो, तिच्या फोनवर. ती त्यावर गाते आणि गाणं-ठेका दोन्ही मिळून आत्याकडे येतात, थोडे उशिरा पण एकमेकांना धरून. कॉल 'संगीत'वर लावलेला असतो. सम चुकली तर आत्याला लगेच कळतं, आणि ती तान पुन्हा घ्यायला लावते.