मीडच्या प्याल्यावर उचललेला विडा

अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुन्या इंग्रजी वीरकाव्यातला योद्धा स्वतःचे पोवाडे स्वतःच गातो, हे आज कानाला खटकतं. पण त्यासाठीचा तिथला 'बेओत' हा शब्द नुसत्या फुशारकीचा नाही. त्यात शपथही येते, धमकीही. 'बढाई' असं भाषांतर केलं की निम्मा अर्थ सांडतो. मराठीत त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे भर दरबारात विडा उचलणं.

'बेओवुल्फ' या काव्यात राणी स्वतः प्याला घेऊन पाहुण्यापाशी येते. तो हातात घेऊन पाहुणा बोलतो: पराक्रम करीन, नाहीतर याच महालात मरेन. राणीला ही बढाई आवडली, असं कवी लगेच सांगतो. खाल्ल्या मिठाला जागायचंच, फक्त कसं जागणार ते आधी चारचौघांत बोलून टाकायचं.

या बोलण्याची वसुली माल्डनच्या लढाईवरच्या काव्यात होते. ९९१ साली इंग्लंडमधल्या एसेक्सच्या किनाऱ्यावर व्हायकिंग, म्हणजे समुद्रावरून आलेले लुटारू, बेटावर अडकलेले. ओहोटीला उघडी पडणारी एकच वाट. इंग्रज सरदाराने ती त्यांना मोकळी करून दिली आणि लढाईत तो पडला. गॉड्रिक नावाचा एकजण धन्याच्याच घोड्यावरून पळाला. घोडा पाहून बाकीच्यांना वाटलं, धनीच निघाला! उरलेल्यांपैकी एकजण बाकावर बसून मीड, म्हणजे मधाची दारू, पिताना काढलेल्या शब्दांची आठवण देतो. दुसरा म्हणतो, पाऊलभरही मागे सरणार नाही. धन्याविना घरी परतला, असं गावाने बोलायला नको.

वाद आहे तो वाट देण्यावर. कवी त्याचं कारण 'ओव्हरमोद' असं देतो. १९५३ साली ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकाने त्याचा अर्थ उन्मत्त अहंकार असा लावून दोष सरळ सरदारावर टाकला. हाच शब्द दुसऱ्या एका जुन्या काव्यात बंडखोर देवदूताला लावलेला आहे. उलट बाजूचे म्हणतात, हे अतिधैर्य. शिवाय वाट अडवली असती तर व्हायकिंग जहाजं घेऊन दुसरीकडे लुटायला गेले असते. डावपेच म्हणून हे पटतं. पण त्याच वाक्यात कवी 'नको तितकी जमीन दिली' असंही म्हणतो, त्याचं काय करायचं? आणि त्याच ९९१ साली इंग्रजांनी व्हायकिंगांना खंडणी म्हणून १०,००० पौंड मोजले.

माल्डनच्या काव्याचं हस्तलिखित १७३१ च्या लंडनमधल्या आगीत जळालं. 'बेओवुल्फ'च्या कडा करपल्या त्याच आगीत. माल्डनची नक्कल आधीच झाली होती, १७२६ मध्ये छापलीही होती, म्हणून ३२५ ओळी हाती आहेत. सुरुवात आणि शेवट नाही. जिथे तुटतं तिथे आणखी एक गॉड्रिक लढताना पडतो, आणि कवी घाईने खुलासा करतो: लढाई सोडून पळाला तो गॉड्रिक हा नव्हे.