टिकली फुटते, पिस्तूल झिजतं

गेल्या दिवाळीचं टिकल्यांचं पिस्तूल माळ्यावरून काढावं, तर घोडा जागचा हलायचा नाही. बाकीचा पत्रा बरा असायचा. गंज नेमका टिकली फुटायची तिथेच. मी पावसाळ्याला बोल लावायचो. पण त्यात त्याचा दोष निम्माच होता.

अमेरिकेत जुनी काउबॉय पिस्तुलं जमवणारे हौशी लोक खेळणं हातात आलं की आधी हीच जागा पाहतात. नक्षी नंतर. घोडा मागे ओढून खालच्या खाचेत टॉर्च मारायचा. तिथला निकेलचा मुलामा अजून चकचकीत असेल, तर या पिस्तुलाने कधी बार काढलेलाच नाही, आणि मग किंमत चढते.

काडेपेटीत पोटॅशियम क्लोरेट काडीच्या गुलात असतं आणि तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेला. दोघांना मुद्दाम लांब ठेवलेलं असतं. टिकलीत मात्र ते एकाच कागदाखाली नांदतात. कोरडं मिश्रण नुसत्या घासण्यानेही भडकतं, म्हणून कारखान्यात ते ओलं असतानाच कालवतात. अमेरिकी नियमाप्रमाणे एका टिकलीत सरासरी १६ मिलिग्रॅमच्या आसपासच दारू चालते. घोडा पडतो, क्षणात वायू फुगतो आणि बार होतो. पांढरा धूर असतो तो फॉस्फरस पेंटॉक्साइडचा. हवेतली ओल पिऊन त्याचं फॉस्फोरिक आम्ल होतं. मागे राहतं पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आपल्या मिठाचा चुलतभाऊ. आम्ल, क्षार आणि ओल एकाच खाचेत साचली, की कुठल्याही धातूचं काय होणार!

धातूंचीही गंमत आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीची बरीचशी पिस्तुलं बिडाची. कनेटिकटमधली स्टीव्हन्स, ओहायोतली किलगोर या त्यातल्या नावाजलेल्या कंपन्या. बीड वितळायला सुमारे १,२०० अंश सेल्सियस लागतात. ते वाळूच्या साच्यात ओतायचं. टणक खरं, पण फरशीवर पडलं की तुकडा उडालाच. युद्धानंतर जस्ताच्या मिश्रधातूचं राज्य आलं. तो ४०० अंशांच्या आतच वितळतो, त्यामुळे दाब देऊन पोलादी साच्यात भरता येतो आणि तोच साचा पुन्हा पुन्हा वापरता येतो. वेलबुट्टी, बैलाचं मुंडकं, उधळलेला घोडा असं बारीक काम त्यात सुबक उठतं. (मराठीत पिस्तुलाला एक घोडा आधीच असतो, इथे मुठीवर दुसरा.) १९४९ मध्ये हॉपालाँग कॅसिडी आणि लोन रेंजर हे काउबॉयपटांतले नायक अमेरिकन टीव्हीवर आले आणि पोराटोरांच्या कमरेला पट्टे चढले. १९५० मध्ये टेक्ससच्या निकोल्स कंपनीने ‘स्टॅलियन ४५’ काढलं. त्याच्या काडतुसाचे दोन भाग वेगळे करून मध्ये टिकली ठेवायची. खटाटोप केवढा, पण पोरांना तोच हवा होता.

बीड की जस्त, हे ओळखायला खिशात लोहचुंबक पुरतं. बिडाला तो घट्ट चिकटतो, जस्ताला नाही. चापाजवळ चिकटला तर हुरळून जायचं नाही, आत पोलादाची स्प्रिंग असते.

जस्ताला एक वेगळंच दुखणं जडतं: झिंक पेस्ट. ही पेस्ट दात घासायची नव्हे. इंग्रजीतली, रोगराई या अर्थाची. ओतताना भंगारातलं थोडं शिसं मिसळलं की ते धातूच्या कणांमधल्या सीमांवर जाऊन बसतं. ओलाव्याने तिथे आतल्या आत गंज धरतो, धातू फुगतो, बारीक चिरा पडतात आणि शेवटी बोटांत भुगा येतो. लाखात पाच भाग, एवढीच शिशाची मुभा असते. नाव रोगाचं असलं तरी शेजारच्या पिस्तुलाला लागण होत नाही. इलाजही नाही. १९२०–३० च्या दशकांतल्या जस्ताच्या खेळण्यांत हे फार दिसतं, पुढे ९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरात आलं आणि प्रमाण घटलं.

उरला चामडी पट्टा. पिस्तूल, पट्टा आणि मूळ खोकं असा पूर्ण संच असेल तर संग्राहक खूश. पण कमावलेल्या चामड्यात आम्लं असतात, ते ओलही धरतं; जुन्या पुठ्ठ्यातूनही आम्लाची वाफ सुटते. म्हणून जाणकार संच विकत घेतो तो अख्खा, आणि घरी आणल्यावर पिस्तूल पट्ट्यातून काढून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीशेजारी वेगळं ठेवतो. पट्टा रिकामाच टांगलेला राहतो.