पट्टा, पुली आणि पन्नास हर्ट्झ

काळी दोनमध्ये गायलेलं गाणं रेकॉर्ड प्लेअरवर पांढरी एकमध्ये ऐकू आलं आणि लयही जड झाली, तर दोष रेकॉर्डचा नसतो. अमेरिकेतला जुना बेल्ट-ड्राइव्ह टर्नटेबल, म्हणजे मोटरच्या पुलीवरचा पट्टा रेकॉर्डची थाळी फिरवतो तो प्लेअर, सोलापुरात लावला की बहुतेक वेळा हेच घडतं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर जोडला, मोटर जळली नाही, म्हणजे काम झालं असं वाटतं. पण ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज उतरवतो, विजेची वारंवारिता बदलत नाही. तिकडे ती ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. त्यामुळे मिनिटाला ३३ १/३ ऐवजी २७.८ च फेरे होतात आणि सूर तीन अर्धस्वरांहून थोडा जास्तच उतरतो.

याचं कारण मोटरमध्ये आहे. जुन्या टर्नटेबलांत बऱ्याचदा एसी सिंक्रोनस मोटर असते. तिला विजेच्या ठोक्याबरोबरच फिरावं लागतं. २४ ध्रुवांची मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला २५० फेरे घेते, ६० हर्ट्झवर ३००. व्होल्टेज थोडं कमीजास्त झालं तरी तिचा वेग ढळत नाही. वारंवारिता हलली, की तोही तेवढाच हलतो.

आणि या ठोक्याशी सोलापूरचं नातं खास आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाशी एका वारंवारितेत बांधलं गेलं. नियमाप्रमाणे ही वारंवारिता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या दरम्यान राखायची असते. म्हणजे चूक फार तर ०.२ टक्के. एवढी कानाला कळत नाही. वीज गेल्यावर चालणाऱ्या घरच्या इन्व्हर्टरबद्दल मात्र अशी खात्री देता येत नाही, कारण तो स्वतःचा ठोका स्वतः तयार करतो. वेग तपासायचा तर लाइनवरच तपासावा.

मोटरनंतर येते पुली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमाग चालवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही: मोटरची पुली मोठी घातली की माग जोरात, लहान घातली की हळू. इथेही तेच गुणोत्तर, फक्त काम जास्त बारीक. मोटर २५० ची आणि थाळी ३३ १/३ ची, तर गुणोत्तर साडेसातास एक. पण पुलीचा व्यास मोजून हिशेब केला तर तो चुकतो, कारण पट्टा वळताना त्याची आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते आणि खरा वेग ठरतो तो जाडीच्या मध्यावर. म्हणून दोन्ही व्यासांत पट्ट्याची जाडी मिळवावी लागते. समजा पट्टा बसतो तो थाळीचा आतला कडा १५० मिलिमीटरचा, पुली १९.१३ ची आणि पट्टा १ मिलिमीटर जाड. तर वेग अचूक. आता त्याच जागी १.२ मिलिमीटरचा नवा पट्टा घाला: थाळी सुमारे ०.८ टक्के जोरात फिरते. केसभर जाडीचा हा परिणाम! म्हणून नुसती लांबी जुळवून घेतलेल्या पट्ट्यावर माझा भरवसा नाही.

वेग मोजायला स्ट्रोब डिस्कसारखं, म्हणजे थाळीवर ठेवायच्या रेघांच्या चकतीसारखं, स्वस्त आणि सुंदर साधन दुसरं नाही. ५० हर्ट्झवरचा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली ३३ १/३ साठी १८० रेघांचं वर्तुळ स्थिर दिसलं, की वेग बरोबर. बऱ्याच एलईडी दिव्यांत ही लुकलुक नसते, तिथे रेघा नुसत्या पुसट होतात. रेघा फिरण्याच्या दिशेने सरकल्या तर वेग जास्त, उलट सरकल्या तर कमी. मिनिटाला ६० रेघा सरकणं म्हणजे एक टक्का फरक, ६ म्हणजे ०.१ टक्का.

डिस्क मात्र ५० हर्ट्झचीच हवी. ६० हर्ट्झच्या डिस्कवर २१६ रेघा असतात आणि आपल्या दिव्याखाली त्या नेमक्या २७.८ फेऱ्यांवर स्थिर दिसतात. म्हणजे वरचा तो अमेरिकन टर्नटेबल स्वतःच्याच डिस्कवर निर्दोष ठरतो! आणखी एक मर्यादा आहे. सिंक्रोनस मोटर आणि दिवा एकाच लाइनवर असतील, तर लाइनची चूक दोघांतही सारखीच येते आणि डिस्क ती दाखवूच शकत नाही.

दुरुस्तीला हात घालण्याआधी वेग जास्त आहे की कमी, हे पाहावं. घसरणाऱ्या पट्ट्याने वेग कमीच होतो, कधी वाढत नाही. कमी असेल तर पुली आणि थाळीचा कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, पट्टा कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा, बेअरिंगमधलं घट्ट झालेलं जुनं तेल काढावं. चाळिशीपार जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात रबर लवकर म्हातारं होतं. ते चकचकीत किंवा सैल झालं असेल तर बदलावंच. वेग जास्त असेल तर पट्ट्याची जाडी तपासा, आणि पट्टा पुलीच्या ४५ फेऱ्यांच्या मोठ्या टप्प्यावर तर बसला नाही ना, तेही पाहा.

मोटर डीसी असेल तर बहुधा वेगाचा छोटा स्क्रू मिळतो, कधी मोटरच्या बुडाशी रबरी बुचाखाली. सुईचं घर्षणही थाळीला किंचित रोखतं, म्हणून तो फिरवताना रेकॉर्ड वाजती असावी. अर्धा तास चालवून मोटर गरम होऊ द्यावी आणि मग स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवत, प्रत्येक वेळी मिनिटभर रेघा मोजाव्यात.