रेस खाली येत नाही: केबल अडकलीय की इंजिन हवा घेतंय?

माझा भाचा कॅनडात असतो. गेल्या हिवाळ्यात त्याने जुनी टू-स्ट्रोक स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, घेतली आणि एका रात्री फोनवरच तिचा आवाज ऐकवला. "मामा, इंजिन गरम झालं तरी रेस चढलेलीच राहते. आयडलचा स्क्रू ढिला करू का?" त्याला म्हटलं, आधी बंद कर. तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

माझ्या यामाहा आरएक्स हंड्रेड बाइकचं तेच झालं होतं. स्वारगेटच्या सिग्नलला थांबलो की गाडी आपोआप घोंघावायची. एका मेकॅनिकने स्क्रू फिरवून रेस खाली आणून दिली. आठवडाभराने कात्रजच्या चढावर इंजिन जाम झालं. ब्लॉक उतरवला तेव्हा पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभ्या रेघा होत्या, नख फिरवलं की नखाला अडकणाऱ्या. मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील, म्हणजे क्रँकच्या फिरत्या दांड्याभोवतीचं रबरी कडं, कडक पडून हवा आत घेत होतं. नाना पेठेत ते सील किरकोळ पैशांत मिळालं. बोअर करून नवा पिस्टन टाकायचा खर्च मात्र भारी पडला.

चढलेल्या रेसमागे बहुतेक वेळा दोनांपैकी एक गोष्ट असते: थ्रॉटलची केबल अडकलेली किंवा इंजिन हवा घेतंय. केबल अडकली तर कार्बोरेटरची स्लाइड, म्हणजे आतली वाट उघडणारी-मिटणारी झडप, पूर्ण बसत नाही. हवा आणि पेट्रोल दोन्ही जास्त जातात, पण प्रमाणात जातात. इंजिन हवा घेतंय म्हणजे स्लाइड नीट बसलेली असूनही फटीतून जास्तीची हवा शिरते, आणि त्या हवेसोबत पेट्रोल येत नाही. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलच्या सोबतीनेच पिस्टनपर्यंत पोचतं. म्हणून मिश्रण पातळ झालं की उष्णता वाढते आणि अशा इंजिनात वंगणही कमी पडतं. केबलचा दोष त्रास देतो. हवेचा दोष इंजिन खातो.

आवाजातला फरक कान देऊन ऐकावा लागतो. केबल अडकलेली असेल तर रेस एका ठिकाणी चिकटून राहते. हँडल डावी-उजवीकडे फिरवलं की ती बदलते, कारण केबल ओढली जाते. इंजिन हवा घेत असेल तर थ्रॉटल सोडल्यावर रेस वरच रेंगाळते, मग सावकाश उतरते, कधी मधेच पुन्हा चढते. हँडल फिरवून तिला काही फरक पडत नाही.

केबलची तपासणी इंजिन बंद ठेवूनच होते. थ्रॉटल दाबून सोडा. स्लाइड 'टक्' आवाज करून बसली पाहिजे. केबलला थोडी ढिलाईही हवी. बर्फाच्या प्रदेशात केबलच्या नळीत शिरलेलं पाणी गोठतं आणि थ्रॉटल अर्ध्यावर अडकतो. पुण्यात तेच काम पावसाळ्यानंतरचा गंज करतो.

'टक्' ऐकू आलं आणि रेस तरीही चढतेय, तर स्क्रूला हात लावायचा नाही. स्क्रूने रेस खाली येतेही, आणि तिथेच फसगत होते, कारण फट तशीच राहते. आधी प्लग काढून बघा. भाच्याच्या मशीनला दोन सिलिंडर आणि दोन कार्बोरेटर आहेत, त्यामुळे निदान सोपं झालं: एक प्लग विटकरी, दुसरा खडूसारखा पांढरा. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, म्हणून दोष पांढऱ्या प्लगच्या बाजूला. त्या बाजूचा पायलट जेट, म्हणजे कमी रेसला पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, त्याने आधी साफ केला, कारण उन्हाळाभर उभ्या मशीनमध्ये पेट्रोल सुकून जेट तुंबतो आणि लक्षणं हुबेहूब हवा घेतल्यासारखी दिसतात. फरक पडला नाही.

मग कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या रबरी बूटवर सगळीकडून घट्ट ग्रीस लावायला सांगितलं. ग्रीसने फट बुजते, आणि रेस लगेच उतरली तर जागा सापडली. काही जण इथे कार्ब क्लीनर फवारतात; गरम सायलेन्सरजवळ मी ते कुणालाच करू देणार नाही.

स्नोमोबाइलला क्लचची लिव्हर नसते, आपल्या गिअरलेस स्कूटरसारखा बेल्ट असतो. साधारण 3000 ते 4000 आरपीएमला क्लच बेल्ट पकडतो आणि मशीन स्वतःहून पुढे सरकतं. म्हणून बर्फावर फिरणारा मागचा रुंद पट्टा स्टँडवर उचललेला, मागे कुणी उभं नाही, इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला आणि गॅरेजचं दार उघडं, एवढं झाल्यावरच त्याला स्टार्ट करू दिलं.

ग्रीस लावताच रेस उतरली. बूट काढून वाकवला तेव्हा खालच्या बाजूला केसाएवढी चीर उघडली. सरळ धरला की ती दिसतही नव्हती. नवा बूट बसवूनही रेस रेंगाळली असती, तर पुढचा संशय क्रँकच्या सीलवर होता. तिथे ग्रीस पोचत नाही. कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडं बंद करून आत साधारण 6 पीएसआय हवा भरायची, दाब उतरतो का ते बघायचं आणि साबणाच्या पाण्याने बुडबुडा शोधायचा.

दोन्ही बूट एकाच वयाचे, म्हणून त्याने दुसराही बदलला.