एका डेझीत किती फुलं?

डेझीचं चित्र काढायला सांगितलं, तर मधे पिवळा गोळा आणि भोवती पांढऱ्या पाकळ्या निघणार. पण युरोपभर गवतात उगवणारी रानडेझी, बेलिस पेरेनिस, हे एक फूल नाहीच. ती सूर्यफूल आणि झेंडूच्या कुळातली. या कुळात आपण ज्याला फूल म्हणतो, तो चिमुकल्या फुलांचा दाट गुच्छ असतो, त्याला स्तबक म्हणतात. भिंगातून पाहा: प्रत्येक पांढरी 'पाकळी' बुडाशी नळीसारखी असते आणि त्या नळीतून स्त्रीकेसराचं दुभंगलेलं टोक डोकावतं. म्हणजे तीच एक अख्खं मादी फूल आहे. मधल्या पिवळ्या नळ्याही फुलंच. त्यांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. काठाकडच्या नळ्या आधी उमलतात, मधल्या शेवटी.

शास्त्रीय नाव लिनियसचं, १७५३ सालचं. 'डेझी' हे जुन्या इंग्रजीतल्या 'दिवसाचा डोळा' यावरून आलं, कारण स्तबक रात्री मिटतो. युरोपात ती निरागसतेचं प्रतीक.

मला मात्र खरी भुरळ घालते ती पिवळ्या नळ्यांची मांडणी. त्यांच्या वळत गेलेल्या रांगा मोजल्या, तर एका दिशेला २१ आणि उलट दिशेला ३४ अशा जोड्या भेटतात. हे कसं होतं? नवा अंकुर फुटतो तिथे तो आसपासचं ऑक्झिन हे संप्रेरक ओढून घेतो. म्हणून पुढचा अंकुर जिथे सगळ्यात मोकळी जागा उरली आहे तिथे फुटतो. मोकळ्या जागेचा हा नियम जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हॉफमाइस्टरने १८६८ मध्ये मांडला होता. तो पाळला की दोन लागोपाठच्या अंकुरांमधला कोन साधारण १३७.५१ अंशांवर स्थिरावतो. आता आकडेमोड करू. असे २१ टप्पे घेतले की आठ पूर्ण फेऱ्यांवर सुमारे ७.७ अंश जास्त होतात. ३४ घेतले की तेरा फेऱ्यांना सुमारे ४.७ अंश कमी पडतात. म्हणून २१ टप्प्यांनंतरचा अंकुर पहिल्या जागेच्या किंचित पुढे बसतो आणि ३४ टप्प्यांनंतरचा किंचित मागे. यातूनच दोन उलट दिशांच्या रांगा तयार होतात. कोन नेमका १२० अंश असता, तर सगळी फुलं तीन सरळ रेषांत कोंबली गेली असती.

१९९२ मध्ये दुआदी आणि कुदे या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी चुंबकीय द्रवाचे थेंब ठरावीक अंतराने तेलाच्या बशीत सोडले. थेंब एकमेकांना दूर ढकलत काठाकडे सरकले, आणि सोडण्याचा वेग वाढवल्यावर तोच कोन, त्याच सर्पिल रांगा दिसल्या. तिथे ना जनुकं होती, ना पेशी.

तरीही या कोनाला 'विश्वाचं दैवी गुणोत्तर' म्हणून विकणारे कमी नाहीत. डेझीला गणित येत नाही. तिथे फक्त जागेची वाटणी चालते. 'तिचं प्रेम आहे, नाही' म्हणत पाकळ्या तोडण्याच्या खेळाचंही तेच. उत्तर पांढऱ्या फुलांची संख्या सम की विषम यावर ठरतं, आणि ती संख्या एकाच झाडावरच्या दोन स्तबकांतही वेगळी निघते.