धाक असला की वाईट बातमी वर पोचत नाही

27 मार्च 1977. स्पेनच्या कॅनरी बेटांमधल्या टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुकं होतं, आणि धावपट्टीवर अमेरिकेच्या पॅन अ‍ॅम कंपनीचंही एक विमान होतं. एका डच जंबो जेटने टेकऑफसाठी धावायला सुरुवात केली तेव्हा कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली, त्याने विचारलं, ते पॅन अ‍ॅमचं विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालं नाहीये का? कॅप्टन ठामपणे म्हणाला, झालंय की. विषय तिथेच संपला, आणि काही सेकंदांत दोन विमानं एकमेकांवर आदळून 583 माणसं गेली. धुकं, रेडिओवरचा गोंधळ, आधीच झालेला उशीर अशी बरीच कारणं होती या अपघाताला, पण माझं मन त्या एका प्रश्नानंतरच्या शांततेवर अडकतं. कॅप्टन कंपनीतला अतिशय सीनियर, इतर पायलटना ट्रेनिंग देणारा माणूस. अशा माणसाला धमकी वगैरे द्यावी लागत नाही, नुसत्या दराऱ्यानेच समोरच्याचा दुसरा प्रश्न घशात राहतो.

नेत्याने प्रेमाने वागावं की धाकात ठेवावं, हा वाद फार जुना आहे. इटलीतला राजकीय विचारवंत मॅकियाव्हेली याने 1513 च्या सुमारास लिहून ठेवलं की दोन्ही जमत नसेल तर प्रेमापेक्षा भीती जास्त भरवशाची, कारण स्वार्थ आडवा आला की लोक प्रेम विसरतात पण शिक्षेची भीती विसरत नाहीत. (लोक द्वेष करायला लागतील इतकं मात्र ताणू नका, असंही त्यानेच बजावलंय, ते कोणी सांगत नाही.)

आणि खरं सांगायचं तर तो अगदीच चूक नव्हता. 2013 मध्ये मानसशास्त्रज्ञांनी अनोळखी लोकांचे छोटे गट करून त्यांना एक कोडं सोडवायला दिलं आणि बघितलं की कोणाचं ऐकलं जातं. दोन प्रकारच्या लोकांचं ऐकलं गेलं, एक जरब बसवणारे आणि दुसरे ज्यांना खरंच काहीतरी येतंय असं इतरांना वाटलं ते. जरब बसवणारे लोकांना आवडले नाहीत, तरी त्यांचं चाललंच! म्हणजे वर जायला धाक चालतो, हे मान्यच करायला हवं.

पण वर गेल्यावर काय? इथे मला हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांचं संशोधन सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्या हॉस्पिटलमधल्या टीम्स अभ्यासत होत्या, औषधं देताना कुठे किती चुका होतात ते. अपेक्षा साधी होती, चांगल्या टीममध्ये चुका कमी. आकडे आले ते बरोबर उलटे, चांगल्या टीम्समध्ये चुकांची नोंद जास्त! नंतर उलगडा झाला की तिथे चुका जास्त होत नसाव्यात, तिथल्या नर्सेस त्या मोकळेपणाने सांगत होत्या. जिथे हेडचा धाक होता तिथे चुका दाबल्या जात होत्या, आणि कागदावर सगळं छान दिसत होतं. धाक दाखवणाऱ्या बॉसची अडचण हीच आहे, त्याला वाटतं माझ्यामुळे शिस्त आलीय, आणि नेमकं तेच तपासायला लागणारी माहिती त्याच्यापर्यंत येत नाही.

1939 मध्ये मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारण 10 वर्षांच्या मुलांच्या गटांवर केलेला प्रयोगही असाच आहे. प्रत्येक गटाला एक मोठा माणूस नेता म्हणून दिला होता. हुकूमशाही पद्धतीच्या गटात मुलं काम भरपूर करायची, पण तो मोठा माणूस खोलीबाहेर गेला की काम धाडकन खाली. जिथे मुलांना विचारून ठरवलं जायचं तिथे तो असला काय नि नसला काय, फारसा फरक पडायचा नाही. तिसरा एक गट होता, त्यात मोठ्याने मुलांना सरळ मोकळं सोडलं होतं, आणि तिथे कामाची बोंबच होती. त्यामुळे प्रेम म्हणजे लाड किंवा काहीही चालवून घेणं असं कोणी समजू नये. एडमंडसनही हेच सांगतात की बोलायची मोकळीक आणि कामाची कडक अपेक्षा दोन्ही एकत्र लागतं.

विमान क्षेत्राने हे ट्रेनिंगमध्येच आणलं. 1980 च्या दशकापासून ज्युनियरने शंका स्पष्ट बोलून दाखवायची आणि कॅप्टनने ती ऐकून घ्यायची हे रीतसर शिकवायला लागले.

कोणी म्हणेल शिकवून काय होणार, दादागिरी तर रक्तातच असते. तर केनियातल्या बबून माकडांचा एक कळप शास्त्रज्ञ रॉबर्ट सापोल्स्की अनेक वर्षं बघत होते. 1980 च्या दशकात कचऱ्यातल्या दूषित मांसातून क्षयरोग आला आणि ते मांस भांडून मिळवणारे सगळ्यात आक्रमक नर मेले. उरलेला कळप शांत झाला, खालच्या नरांवरचा ताण कमी झाला. 1993 पर्यंत त्या वेळचा एकही नर उरला नव्हता, सगळे बाहेरच्या कळपांतून आलेले होते, आणि तरीही ते याच कळपासारखे शांतपणे वागत होते.